राजाची दया आणि पडद्यावरची गर्दी

चित्रपटातील गर्दी कोठून येते, हे वसई-विरारच्या रहिवाशांना समजावून सांगावे लागत नाही. नायगावच्या पूर्वेला मालिकांचे आणि चित्रपटांचे देखावे उभे असतात. कोणाचा राजवाडा, कोणाची चाळ, कोणाचे पोलीस ठाणे तेथे फळ्या आणि प्लॅस्टर यांतून उठते आणि काम संपताच मोडून पडते. त्या देखाव्यांत लग्नाचे वऱ्हाडी, बाजारातले गिऱ्हाईक किंवा दंगलीतला जमाव म्हणून उभी राहणारी कितीतरी माणसे नालासोपारा-विरारच्या भाड्याच्या खोल्यांतून पहाटे निघतात. पूर्वी त्यांना ‘एक्स्ट्रा’ म्हणत, आता ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणतात. नाव सुधारले, कामाचे तास काही सुधारले नाहीत.

वसईच्या किल्ल्याची कथा याहून निराळी नाही. २०१६ साली कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गाण्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तीत या किल्ल्याच्या पडक्या भिंती साऱ्या जगाने पाहिल्या. अमेरिकन गायिका बियॉन्से त्या गाण्यात हिंदी चित्रपटाची नायिका झाली होती, आणि हिंदी चित्रपटात खरोखर नायिकेची कामे करणारी सोनम कपूर काही क्षणांपुरती दिसून नाहीशी झाली. भोवती रंग उधळणारी मुले होती, साधू होते. या भिंतींआड पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे राज्य केले, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने त्या रक्ताच्या मोलाने घेतल्या, आणि आजही त्यांच्या सावलीत कोळी जाळी विणतात, हे सांगण्याचे त्या गाण्याला काही कारण नव्हते. वसईने भिंत पुरवायची, वसई-विरारने गर्दी पुरवायची. गोष्ट मात्र नेहमी दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथील भूमी आणि श्रम हे उत्पादनाचे दोन घटक वापरले जातात, आणि कथेवरील मालकी तिसऱ्याकडेच राहते.

हा व्यवहार ओळखीचा असल्यामुळेच पोलिश निर्वासितांची कथा सध्या ज्या थाटात सांगितली जात आहे, तिच्याकडे येथील कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आणि कोल्हापूरच्या नावाने उभ्या असलेल्या स्मारकांना पुष्पचक्रे वाहिली. त्यानंतर वर्तमानपत्रांतून ही कथा पुन्हा वाहू लागली. ती साधारणतः अशी असते : दुसऱ्या महायुद्धात अनाथ पोलिश मुले वणवण फिरत होती, जगाने दारे लावून घेतली होती, एका दयाळू हिंदी राजाने आपले दार उघडले, मुले त्याला ‘बापू’ म्हणू लागली, आणि पोलंड आजही ते ऋण विसरलेला नाही. २०१३ साली अनु राधा यांनी जामनगरजवळील बालाचडीच्या छावणीवर ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट काढला. त्यात ती मुले वृद्ध होऊन स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि म्हणूनच तो या ढोबळ कथेहून सरस आहे. पुढे व्यावसायिक हिंदी चित्रपटाची घोषणा झाली, तिचे नाव मात्र ‘द गुड महाराजा’. नावातच सारे आले.

दया खोटी होती असे कोणी म्हणत नाही. १९४२ साली बालाचडीला शेकडो मुलांना निवारा मिळाला, तो जामसाहेबांच्या शब्दामुळे आणि जमिनीमुळे मिळाला. त्याचे श्रेय त्यांना निःसंशय आहे. प्रश्न वेगळाच आहे. स्थलांतरितांची कथा यजमानाच्या थोरवीची कथा म्हणून सांगितली की तीतून कोण कोण बाहेर फेकले जाते?

महाराष्ट्राला जवळची छावणी बालाचडीची नव्हे, कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याची. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. शाळा, चर्च, नाट्यगृह, बालवीरांची पथके, स्वतःचे रेल्वे स्थानक असे ते गावच होते. ही माणसे आली कोठून? १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पोलंडच्या पूर्व भागात शिरल्या, आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तेथील लाखो कुटुंबीयांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलण्यात आले. पुढे हिटलरने रशियावर हल्ला केला, स्टालिनला मित्रांची गरज भासली, १९४१ च्या जुलैत करार झाला आणि कैदेतल्या पोलिश लोकांतून जनरल अंडर्स यांचे सैन्य उभे राहिले. १९४२ साली सुमारे १ लाख १५ हजार माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांत सुमारे ३७ हजार नागरिक होते, बहुतेक बायका आणि मुले. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये. त्यांतला एक लहानसा प्रवाह कराचीमार्गे हिंदुस्थानात आला.

आता खर्चाची वही उघडून पाहावी. वळिवड्याच्या छावणीचा भार कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हता. तो लंडनस्थित पोलिश निर्वासित सरकारच्या नावे पडत होता. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी अल्पवयीन वारस होता आणि कारभार रिजन्सीच्या हाती होता. जागा निवडली ती हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारच्या यंत्रणेने, कारण पोलंड हे युद्धातले मित्रराष्ट्र होते. म्हणजे वळिवड्याची छावणी ही दयेपेक्षा युद्धकालीन तडजोडीची आणि जमाखर्चाची गोष्ट होती. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने त्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा छावणीतली माणसे एका रात्रीत बिनसरकारची झाली. त्यांची गावे सोव्हिएत संघात सामील झाली होती. घरी परतायचे तर घर दुसऱ्याच देशात! बहुतेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांची वाट धरली. हा सारा पेच ‘कृतज्ञ मुले’ या दोन शब्दांत मावत नाही.

छावणी मुख्यतः बायकांनी चालवली, हेही त्या शब्दांत मावत नाही. पुरुष सैन्यात होते, बेपत्ता होते किंवा मेले होते. स्वयंपाकघरापासून शाळेपर्यंतचा प्रपंच स्त्रियांच्या खांद्यावर होता. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांची पत्नी किरा बनासिन्स्का यांनी रेडक्रॉसच्या वतीने या मुलांसाठी जी यातायात केली तिच्यावर एक स्वतंत्र चित्रपट होऊ शकेल. पण त्यात राजा दुय्यम ठरेल, ही अडचण. कोल्हापूरच्याच एका तरुणाशी छावणीतल्या मुलीने लग्न केले आणि उरलेले आयुष्य तेथेच मराठी संसारात घालवले. ती कथा दयेची नाही, बरोबरीची आहे. दोन माणसे एकमेकांना निवडतात तेथे उपकाराला जागा नसते.

‘पोलिश’ हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. युद्धापूर्वीच्या पोलंडची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या युक्रेनी, ज्यू, बेलारूसी, जर्मन अशी होती, आणि ज्या पूर्व प्रांतांतून ही माणसे उखडली गेली तेथे तर हे मिश्रण अधिकच दाट होते. इराणात पोहोचलेल्या ज्यू मुलांची वेगळी वाट झाली. कराचीला बोटीत बसवून त्यांना सुएझमार्गे १९४३ च्या फेब्रुवारीत पॅलेस्टाइनला नेण्यात आले, कारण इराकने आपल्या भूमीवरून जाऊ देण्याचे नाकारले होते. एकाच आगगाडीतून हाकलली गेलेली मुले धर्मावरून दोन बोटींत विभागली गेली. गोऱ्या चेहऱ्यांचा एकच एक जमाव दाखवणारा चित्रपट हे सांगणार नाही. कुलाब्याच्या फुटपाथवरून परदेशी पर्यटक रोजावर आणून ‘गोऱ्यांची गर्दी’ उभी करण्याची ज्या धंद्याला सवय आहे, त्याला पोल, युक्रेनी आणि ज्यू यांतला फरक कोण शिकवणार?

येथे डाव्या चळवळीने आपले घरही झाडून घ्यावे. पोलिश निर्वासितांना उखडणारा हात हिटलरचा नव्हता, स्टालिनचा होता. लोकयुद्धाच्या घोषणा देण्यात गुंतलेल्यांना त्या काळी ही साक्ष ऐकणे गैरसोयीचे होते, आणि पुढेही कित्येक वर्षे गैरसोयीचेच राहिले. कातीन येथे पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल सोव्हिएत पोलिसांनीच केली, याची कबुली मॉस्कोने दिली ती १९९० साली. राजेरजवाड्यांच्या गौरवाला हसण्याचा अधिकार समाजवाद्यांना आहे. परंतु ज्या प्रश्नावर आपल्या बाजूचे लोक मूग गिळून बसले, त्याची कबुली आधी दिली तरच.

मग वळिवड्याची माणसे. पाच हजारांची वसाहत काही महिन्यांत उभी राहते तेव्हा गवंडी, सुतार, हमाल, गाडीवान लागतात. भाजी, दूध, जळण पुरवणारे लागतात. ते करवीर तालुक्यातलेच असणार. चित्रपटाच्या पटकथेत ते बहुधा हात जोडून उभे राहतील आणि गोरी मुले पाहून कौतुकाने हसतील. प्रत्यक्षात त्या मुलखातली माणसे त्या दिवसांत निराळ्याच गोष्टीत गुंतली होती. छावणी उभी राहण्याच्या काही महिने आधी, १३ डिसेंबर १९४२ रोजी, कोल्हापूर संस्थानातील गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सातजण गोळीबारात पडले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. १९४३ साली बंगालात दुष्काळाने सुमारे ३० लाख माणसे मेली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे जंगलातून पायी परतत होती, आणि गोऱ्यांना एक रस्ता व काळ्यांना दुसरा अशी वागणूक मिळाल्याच्या तक्रारींनी देश पेटला होता. याचा अर्थ पोलिश मुलांना भाकरी द्यायला नको होती, असा नव्हे. परंतु तेच साम्राज्य, तीच संस्थाने आणि तीच वर्षे असताना एका निर्वासिताचे गीत होते आणि दुसऱ्याची नोंदसुद्धा होत नाही, हे कशामुळे, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. ब्रह्मदेशातून चालत आलेल्या तमिळ, तेलुगू, उडिया मजुरावर कोणाच्या राजधानीत स्मारक आहे?

वळिवड्याच्या बराकी १९४८ नंतर ओस पडल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्यांत आली, आणि आज तेथे गांधीनगर आहे, कापडाच्या घाऊक व्यापारासाठी दूरवर प्रसिद्ध. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसरा निर्वासित शिरला. छप्पर तेच, भिंती त्याच. चित्रपटासाठी याहून मोठे नाट्य कोणते? परंतु सिंधी निर्वासिताने तेथे पुष्पचक्राची वाट पाहिली नाही, दुकान टाकले. आणि त्याच्या कथेतून परराष्ट्र मंत्रालयाला काही मिळण्याजोगे नाही.

राजाच्या दयेविषयी एवढे लिहिणाऱ्यांनी महाराष्ट्रातल्याच आणखी एका पोलिश माणसाची आठवण केली असती तर बरे झाले असते. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्साकडचे ज्यू अभियंते. १९३० नंतरच्या दशकात ते म्हैसूर संस्थानातील एका कारखान्यात नोकरीला आले, गांधीजींच्या प्रभावाखाली भारतानंद झाले, आणि १९३८-३९ साली औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला तेव्हा त्या ग्रामराज्याच्या घटनेची आखणी करण्यात त्यांचा हात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तीतही त्यांचा पुढाकार होता. याच वसाहतीच्या अनुभवावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा गदिमांची, त्याच माणदेशच्या मातीतल्या लेखकाची. बर्लिनला चित्रपटाचा गौरव झाला. चित्रपट थोर आहे यात वाद नाही. परंतु त्यात पोलिश माणूस कोठे आहे? त्याच्या जागी सद्गुणी हिंदी जेलर आहे, आणि ती भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली आहे.

कलावंताला इतिहास बदलण्याचा अधिकार असतो, आणि १९५७ साली त्या बदलाला कारणेही असतील. तरी दोन पोलिश कथांचे भाग्य शेजारी ठेवून पाहावे. जो स्थलांतरित ताटापुढे बसला, त्याच्यावर पडदा प्रकाश टाकतो, कारण त्या प्रकाशात वाढणाऱ्याचा चेहरा उजळतो. जो स्थलांतरित खांद्याला खांदा लावून राबला, ज्याने येथील राजाला राज्य सोडण्याची घटना लिहून देण्यात मदत केली, तो पडद्यावरून पुसला जातो. फ्रीडमन १९७६ साली मुंबईत वारले. त्यांनी शब्दबद्ध केलेली निसर्गदत्त महाराजांची संभाषणे जगभर वाचली जातात. त्यांचे स्वतःचे नाव औंधबाहेर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

पडद्यावरील प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न पाश्चात्त्य देशांतही गाजतो आहे, पण तेथे तो मोजणीवर येऊन थांबला आहे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २०२० साली नियम जाहीर केले आणि २०२४ च्या पारितोषिकांपासून ते सर्वोत्तम चित्रपटासाठी बंधनकारक झाले : पडद्यावर, तंत्रज्ञांत, उमेदवारीत, वितरणात वंचित गटांचे अमुक प्रमाण हवे. यावर दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक म्हणजे प्रमाण भरले, प्रश्न मिटला. दुसरे म्हणजे ही सारी थट्टा आहे, पोलिश स्थलांतरितांच्या चित्रपटात काळी माणसे कशाला मोजायची? हे दुसरे उत्तर देणारेच आपल्याकडे राखीव जागांची थट्टा करतात, हे ध्यानात ठेवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सांगितले होते की, मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही. व्यक्तींनाही प्रत्यक्ष स्थान मिळाले पाहिजे. दुसऱ्याने आपल्या वतीने कितीही चांगले बोलले तरी ते आपले बोलणे होत नाही. तेव्हा मोजणी हवीच. परंतु बाबासाहेब स्थान मागत होते ते कायदेमंडळात, जेथे निर्णय होतो तेथे. प्रेक्षकांच्या सज्जात नव्हे. चित्रपटातले कायदेमंडळ म्हणजे पटकथा आणि भांडवल. गर्दीत वेगवेगळ्या रंगांचे चेहरे पेरून तेथली सत्ता हलत नाही.

चेहऱ्याच्या मोजणीने काय साधते आणि काय साधत नाही, याचे उत्तम उदाहरण पोलिश स्थलांतरितांच्याच एका चित्रपटात आहे. जेर्झी स्कोलिमोव्स्की या परदेशी राहणाऱ्या पोलिश दिग्दर्शकाने १९८२ साली ‘मूनलाइटिंग’ काढला. वॉर्सातल्या एका साहेबाचे लंडनमधले घर स्वस्तात दुरुस्त करण्यासाठी चार पोलिश माणसे पर्यटक म्हणून येतात. त्यांच्यापैकी इंग्रजी येते ते एकट्या मुकादमाला. १९८१ च्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला जातो, आणि मुकादम ही बातमी साथीदारांपासून लपवतो, कारण काम पुरे झाले पाहिजे. पैसे संपतात तेव्हा तो दुकानांतून चोऱ्या करून त्यांना जगवतो. पण सत्य सांगत नाही. मुकादमाची भूमिका जेरेमी आयर्न्स या इंग्रज नटाने केली आहे. मोजणीच्या दृष्टीने हा दोषच. तरी स्थलांतरित मजुराची अवस्था त्या चित्रपटाइतकी क्वचितच कोठे दिसली असेल : ज्याला भाषा येते तो मालकाचा माणूस होतो, आणि ज्याला येत नाही त्याला स्वतःच्या देशाचे काय झाले हेही कळत नाही. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या परप्रांतीय मजुराला तो चित्रपट दाखवला तर भाषांतराची फारशी गरज पडणार नाही.

आणि ज्यांचे पूर्वज वळिवड्याला राहिले त्यांचा देश आज काय करतो? २०२१ पासून बेलारूसच्या सीमेवरील जंगलात सिरिया, अफगाणिस्तान, आफ्रिकेतून आलेली माणसे पोलिश पहारेकऱ्यांनी मागे ढकलली. २०२२ साली त्याच देशाने लाखो युक्रेनी निर्वासितांना घरांत घेतले. आग्निएश्का हॉलंड यांनी २०२३ साली ‘ग्रीन बॉर्डर’मध्ये हा विरोधाभास दाखवला, तेव्हा पोलंडच्या न्यायमंत्र्यांनी त्या चित्रपटाची तुलना नाझी प्रचाराशी केली. त्याच साली भारतात अनुभव सिन्हा यांच्या ‘भीड’ची प्रसिद्धिफीत मागे घेण्यात आली आणि नव्या आवृत्तीतून पंतप्रधानांचा आवाज वगळला गेला. तो चित्रपट होता २०२० च्या टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या मजुरांवर. वॉर्सात पुष्पचक्रे देणारी आणि घेणारी सरकारे या बाबतीत एकमेकांना चांगली ओळखतात. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आजतागायत सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. आणि २०१९ साली नागरिकत्वाचा जो कायदा दुरुस्त झाला त्यात निर्वासिताची निवड धर्म पाहून करण्यात आली. जामसाहेबांनी मुलांना धर्म विचारला नाही, असे भाषणात सांगायचे आणि कायद्यात तो विचारायचा, ही कसरत फक्त स्मारकापुढेच साधते.

वसईकरांना ही कसरत अधिक जवळून पाहायला मिळाली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. हरित वसईच्या लढ्यात उभा राहिलेला, बायबल सुबोध मराठीत आणणारा हा वसईचा लेखक. काही हिंदुत्ववादी गटांनी लगेच आक्षेप घेतला : धर्मगुरू कसा चालेल? धमकीचे दूरध्वनी आले. शतकानुशतके केळीच्या बागा राखणारे, सामवेदी आणि वाडवळी बोलीत लग्नाची गाणी गाणारे वसईचे कॅथलिक मराठी आहेत की नाहीत, हे त्यांनी सिद्ध करून दाखवावे अशी अपेक्षा होती. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वारले. त्यानंतर महिन्याच्या आत वॉर्सात महाराष्ट्राच्या आतिथ्याचा गौरव झाला, तो पाच हजार कॅथलिक पोलिशांना कोल्हापुरात जागा मिळाल्याबद्दल! पाहुणा कॅथलिक चालतो, कारण तो जाणार असतो. शेजारचा कॅथलिक राहणार असतो, आणि त्याला अध्यक्षपद हवे असते.

हिंदी चित्रपटाने या शेजाऱ्याला काय दिले? ‘बॉबी’तला दारूच्या तारेतला मच्छीमार ब्रागांझा, आणि त्यानंतरचे असंख्य मोडके बोलणारे अंकल. मराठी पडद्यावर वसईचा बागायतदार, पान-फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणारी बाई, पाणी टँकरला विकू नका म्हणून उभी राहिलेली गावे जवळजवळ दिसतच नाहीत. उत्तरेतून आलेला मजूर तर विनोदाला किंवा गुन्ह्याला तेवढा लागतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. तीत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे हे कोणालाही लोकलच्या डब्यात कळते. २०२० च्या मे महिन्यात वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक गाड्यांसाठी हजारो माणसे उन्हात बसली होती. वळिवड्याला निदान स्थानक होते, बराक होती, शाळा होती. येथे एक मैदान होते, आणि गाडी येईल की नाही हे सांगणारा कोणी नव्हता.

तेव्हा मागणी कोणती करायची, हे स्पष्ट असू द्यावे. ज्या चित्रपटाला राज्याचे अनुदान, सरकारी जमीन किंवा संरक्षित स्मारकाची भिंत वापरायला मिळते, त्याच्या श्रेयनामावलीत गर्दीत उभे राहणाऱ्यांची नावे आली पाहिजेत, ठिकाण ज्या गावाचे त्या गावाचे नाव आले पाहिजे, आणि पाळीचे तास कायद्याने बांधले गेले पाहिजेत. यात क्रांती वगैरे काही नाही; गिरणी कामगाराने शंभर वर्षांपूर्वी मागितले तेवढेच आहे. वळिवड्याला संग्रहालयाची घोषणा झाली आहे. त्यात पोलिश कुटुंबांची छायाचित्रे अवश्य लागावीत. त्यांच्या शेजारी गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांची लागावीत, गारगोटीच्या सात हुतात्म्यांची नावे लागावीत, औंधच्या फ्रीडमन यांना एक भिंत मिळावी. आणि छावणीच्या बांधकामावर राबलेल्या, तेथे दूध-भाजी घातलेल्या करवीरच्या माणसांच्या आठवणी कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन टिपून घ्याव्यात. १९४३ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे.